डाव्या बाजूची टाकी

उकळेकाकांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ते वाचायची गरज बिल्डिंगमध्ये कधी कुणाला पडली नाही. चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या तळघरात डॉक्टरांच्या कात्र्या-चिमटे वाफेच्या भट्टीत घालून निर्जंतुक करायचं काम केलं. निवृत्त झाले, भट्टी सुटली, उकळायची खोड मात्र सुटली नाही. चमचे उकळायचे, कंगवे उकळायचे, बाहेरून आलेली सुटी नाणीसुद्धा साबणाच्या पाण्यात बुडवायचे. त्यांच्याकडचा कप इतका स्वच्छ की चहाला चव उरत नाही, असं जिन्यात बोललं जायचं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी तर एकदा म्हणाल्या, "यांना मूल झालं असतं तर तेही उकळूनच घरात घेतलं असतं." हे काकूंच्या कानावर गेलं तेव्हा सगळ्यात जास्त त्याच हसल्या. मूल झालं नव्हतं त्याचं दुःख त्यांनी असं हसूनच संपवलेलं.

आणि मग एका सकाळी काकूंच्या डोक्यात गुठळी अडकली. डावा हात गेला, डावा पाय गेला. तेवढं समजण्यासारखं होतं. न समजण्यासारखं पुढेच होतं. काकूंच्या लेखी जगाची डावी बाजूच नाहीशी झाली. डोळे ठणठणीत होते, पण डावीकडे काही असतं हेच मेंदू विसरला. ताटातलं उजवीकडचं जेवायच्या, डावीकडचं तसंच राहायचं, आणि वर विचारायच्या, "आज भाजी केलीच नाहीत वाटतं?" केस विंचरायच्या ते अर्धेच. अर्धं डोकं शाळेत निघालेल्या मुलीसारखं चापूनचोपून आणि अर्धं झोपेतून उठल्यासारखं. बघणाऱ्याला हसू यायचं आणि मग आपल्याच हसण्याची लाज वाटायची.

रोज चार वाजता एक व्यायामवाली बाई यायची. किडकिडीत, पण आवाज हवालदाराचा. तिने पहिल्याच दिवशी काकांना नियम घालून दिला. "काका, तुमची खुर्ची डावीकडे. पाणी डावीकडून, औषध डावीकडून, बोलणंही डावीकडून. उजवीकडून एक शब्द नाही. त्यांचा मेंदू त्या बाजूला ओढून न्यायचाय. सहा महिने आहेत हातात. त्यानंतर जे राहिलं ते राहिलं."

चौतीस वर्षं तापमान आणि मिनिटं पाळलेला माणूस तो. नियम म्हटला की पाळला. काका डावीकडे बसले, आणि काकूंच्या जगातून नवरा नाहीसा झाला.

"अहो!" काकू हाक मारायच्या. "कुठे उलथलेत कोण जाणे."

"अगं, मी इथेच आहे."

आवाज ऐकू यायचा, पण शोधायच्या उजवीकडे. "बाहेर उभे आहात का? मग आत या ना!" वहिनी भेटायला आल्या तेव्हा त्यांच्याकडे गाऱ्हाणं, "घरात टिकतच नाहीत हल्ली. माणूस निवृत्त झाला की त्याला पाय फुटतात." काका हातभर अंतरावर, हातात पाण्याचा पेला घेऊन बसलेले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं.

डावीकडे काहीतरी झगझगीत, हलणारं ठेवा, असं व्यायामवालीने सुचवलं. काकांनी पंखा ठेवला, रंगीत दिवे लावले, काकूंनी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी चाकाच्या खुर्चीतून त्यांना माशांच्या दुकानात नेलं. गोड्या पाण्याच्या टाक्यांसमोर त्या जांभया देत होत्या. कोपऱ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मात्र तळहाताएवढा एक पिवळा मासा उजवीकडून डावीकडे गेला, आणि काकूंची मान त्याच्यामागे दोन बोटं वळली. दोनच बोटं. पण काकांनी पाहिली.

"हाच हवा," काका म्हणाले.

दुकानदार मिश्कील होता. "काका, गोडं पाणी म्हणजे मैत्री. खारं पाणी म्हणजे दुसरं लग्न. रोज हजेरी लावावी लागते."

"पहिल्यात कधी गैरहजर नव्हतो," काका म्हणाले आणि चार फुटी टाकी घेऊन आले.

टाकीचा उजवा काठ काकूंच्या नाकासमोर आणि डावा काठ काकांच्या खुर्चीला लागून, अशी ती मांडली. काचेवर वीत-वीतभर अंतरावर पांढऱ्या चिकटपट्टीचे पाच तुकडे लावले. मासा ज्या पट्टीपर्यंत दिसला तिथवर काकूंचं जग पोचलं, असा हिशोब. पाचव्या पट्टीच्या पलीकडे काका स्वतः.

पहिला महिना पार वाया गेला. गाळणीचा स्पंज काका दर रविवारी उकळून काढायचे. दगड घासायचे. पाणी काचेसारखं नितळ, आणि सरावाला आणलेले दोन मासे पोट वर करून तरंगत.

"काका, मासे मुततात," दुकानदाराने समजावलं.

"मुतू देत की. मी स्पंज धुतोय ना?"

"ते मूत पचवतात स्पंजातले जंतू. दगडांतले जंतू. तुम्ही दर रविवारी पोलिसांना फाशी देता आणि सोमवारी विचारता चोऱ्या का होतात! काहीही करा, पण उकळू नका."

काका घरी येऊन रिकाम्या टाकीपुढे उभे राहिले. जन्मभर ज्यांच्या जिवावर उठलो त्यांनाच आता पोसायचं होतं. पण बसले पोसायला. दुकानातून खाऱ्या पाण्यात मुरलेले, जंतूंनी भरलेले अकरा दगड आणले आणि जंतू वाढेपर्यंत टाकी पिकायला ठेवली. रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. हिरवं झालं की विष आहे, पिवळं राहिलं की नाही. पाच आठवडे हिरव्याचं पिवळं होण्याची वाट पाहण्यात गेले. सहा महिन्यांतले पाच आठवडे. काकू उजवीकडच्या भिंतीकडे बघत पडलेल्या.

पिवळा मासा आला आणि काका कामाला लागले. नळ्या, झडपा, दाब हा तर त्यांचा हातखंडा. टाकीखाली दुसरी टाकी बसवली. वरचं पाणी नळीतून खाली उतरायचं, कापडी पिशवीतून गाळून निघायचं, मग एका उभ्या नळकांड्यात त्याचा फेस व्हायचा आणि सगळी घाण त्या फेसाबरोबर वरच्या वाटीत चढायची. उरलेलं पाणी पंप पुन्हा वर ढकलायचा. पहिल्याच दिवशी वीज गेली. पंप बंद पडला आणि वरचं पाणी परतीच्या नळीतून उलटं खाली आलं, खालची टाकी भरून वाहिली, आणि वहिनींच्या न्हाणीघराचं छत गळायला लागलं.

"समुद्राकाठी घर हवं होतं हो मला," वहिनी जिन्यातून ओरडल्या, "पण असं डोक्यावर नको होतं!"

काकांनी परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर बारीक भोक पाडलं. आता वीज गेली, पातळी उतरली, की भोकातून हवा शिरायची आणि उलटा ओघ तुटायचा. मग छत गळलं नाही. फेसाच्या वाटीत रोज तपकिरी, कुजक्या वासाचं पाणी जमायचं. काका ते उजेडात धरून बघायचे. जंतूंवर त्यांचा लोभ जडला नव्हता, पण चोख काम करणाऱ्याबद्दल आदर असतोच.

आणि काकू वळू लागल्या. तिसऱ्या महिन्यात पहिली पट्टी. "पिवळा आला," त्या म्हणायच्या, आणि मासा पट्टीपलीकडे गेला की, "पिवळा गेला. कुणी नेला?" मग दुसरी पट्टी. चौथा महिना सरता सरता तिसरी. एका दुपारी ताटातली भाजी अर्ध्याच्या पुढे खाल्ली गेली आणि व्यायामवालीने हवालदाराच्याच आवाजात काकांचं अभिनंदन केलं. काका रोज दाढी करायला लागले. इस्त्रीचा शर्ट घालून पाचव्या पट्टीपलीकडे बसायचे, मुलगी बघायला गेलेल्या नवऱ्यामुलासारखे. वहिनींनी हे साऱ्या बिल्डिंगला सांगितलं आणि बिल्डिंग हसली.

चौथी पट्टी आली तेव्हा सहा महिन्यांतले एकोणीस दिवस उरले होते. आणि मासा चौथ्या पट्टीपुढे जाईना.

डाव्या टोकाच्या दगडावर तपकिरी बटणांसारखं काहीतरी दाट माजलं होतं. त्याच्यामागे पाणी साचून राहायचं, गाळ बसायचा. मासा तिथवर यायचा आणि मागे फिरायचा. काकांनी तिथे छोटा पंप लावून ओघ वाढवला. मासा तरीही फिरायचा. दुकानदाराला फोन केला.

"आठवडाभर थांबा काका, मी बाहेरगावी आहे. आल्यावर बघतो."

एकोणीसातले सात गेले तर राहिले काय? काकांनी मनाशी हिशोब केला. दगड अकरा. एक काढून, वरचं माजलेलं मरावं म्हणून उकळला तरी दहा उरतात, तेवढ्यांतले जंतू टाकी सांभाळतील. दुकानदाराचा नियम मोडतोय, पण विचार करून मोडतोय. हिशोबात तसूभर चूक नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असंच, हिशोब बरोबर असताना होतं.

दुपारी तीनला मोठ्या पातेल्यात दगड घातला, वर घट्ट झाकण, चाळीस मिनिटं. भट्टीचा नियम. स्वयंपाकघराला दार नव्हतं, काकूंचा पलंग तिथून सहा पावलांवर. उन्हाची तिरीप येते म्हणून खिडक्या लावलेल्या. वेळ भरली, काकांनी झाकण उचललं आणि दगड पांढरा झाला का ते बघायला वाकले. वाफ तोंडावर आली. जिभेवर गंजक्या चमच्याची चव आली. मग ओठ बधिरले. मग बाहेरच्या खोलीतून काकूंचा खोकला सुरू झाला.

चारला व्यायामवाली आली तेव्हा काका स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून थंडी वाजल्यासारखे कापत होते आणि काकूंचे ओठ निळे पडले होते. तिने खिडक्या उघडल्या आणि काकूंना पलंगासकट दारापर्यंत ओढत नेलं. ती स्वतः तीन दिवस खोकत होती.

इस्पितळ काकांचंच, जन्मभराच्या नोकरीचं. डॉक्टरने विचारलं, "नक्की काय उकळलंत?"

"दगड."

डॉक्टरने पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

दुकानदार आला तो काकांच्या खाटेशी उभा राहिला. नेहमीची मस्करी नाही. "ती बटणं म्हणजे प्रवाळाच्या जातीचे जीव, काका, त्यांत विष असतं. पाण्यात आहे तोवर नुसत्या हवेतून बाधत नाही. वाफ झाली की थेट छातीत."

"तू म्हणाला होतास, उकळू नका."

"का, ते नव्हतो म्हणालो." तो खाटेच्या कडेवर टेकला. "वाटलं, फिल्टरपुरतं सांगितलं की पुरे."

काका आठवड्यात उठून बसले. काकूंना तीन आठवडे लागले, आणि त्या घरी आल्या त्या नाकात नळी आणि उशाशी प्राणवायूचं यंत्र घेऊन. टाकी दुकानदाराने सांभाळली होती. पाणी असं की टाकीत पाणी आहे हे कळू नये. तो दगड नसल्यामुळे आता पिवळा मासा या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता, पाचवी पट्टी ओलांडून काकांच्या खुर्चीला नाक लावून परत फिरत होता. काकूंची मान उजवीकडे पडली होती. पहिली पट्टीही त्यांच्यासाठी उरली नव्हती.

व्यायामवालीने दोन दिवस प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी काकांनी तिला दाराशी गाठलं. "पुन्हा पहिल्या पट्टीपर्यंत यायला किती दिवस?"

"दोन महिने. तेही रोज नेमाने केलं तर."

"आणि तिच्याकडे किती आहेत? डॉक्टरांनी तुला सांगितलं असेल."

ती पिशवीचा बंद उगाच सोडत-बांधत राहिली. हवालदाराचा आवाज कुठे गेला कोण जाणे. "एवढे नाहीत, काका."

काका आत आले. खुर्ची उचलली आणि पलंगाला वळसा घालून उजवीकडे ठेवली.

"काका, असं केलंत तर ती बाजू कायमची गेली समजा."

"समजलो," काका म्हणाले आणि बसले.

काकूंनी डोळे उघडले. बघत राहिल्या. मग नाकातली नळी थरथरली.

"आलात? सहा महिने कुठे तोंड काळं केलं होतंत?"

"जरा काम होतं."

"निवृत्त माणसाला कसलं मेलं काम?"

"पाण्याचं."

"वाळलात किती." दम लागला म्हणून त्या थांबल्या. "जेवायला कोण घालत होतं?"

 पलंगाच्या पलीकडच्या कडेवरून काकूंचा डावा हात खाली लोंबत होता, सुजून निळसर झालेला, त्यांना त्याचा पत्ताच नाही. काकांनी ओणवं होऊन तो उचलला आणि त्यांच्या मांडीवर, उजवीकडे, त्यांना दिसेल असा ठेवला.

काकू चमकल्या. "हा कोणाचा हात?"

तुमचाच आहे, असं ठासून सांगायचं, हा व्यायामवालीचा नियम होता. ती अजून दारातच उभी होती, पिशवी खांद्याला लावून.

"माझा," काका म्हणाले.

काकूंनी आपल्या उजव्या हाताने तो हात चाचपला. "किती गार पडलाय हो! आणि सूज बघा. औषध घेता का काही?"

"घेतो."

"घेतो म्हणे. मी नसले की तुमचं हे असं." आणि त्या तो हात चोळू लागल्या, हळूहळू, दम घेत घेत, मनगटापासून बोटांपर्यंत. व्यायामवाली दार ओढून निघून गेली. काकांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले, नवऱ्याचा तिसरा हात काकूंना दिसायला नको म्हणून, आणि संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले.