गंजीआडचा डोंगर

"गंजी किती रायली वो?" सुभद्राने मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. चैत्रातल्या तापाचा नववा दिवस होता. तिच्याच हट्टाने तिला पडवीत निजवलं होतं, आणि समोर पेंढ्याची गंजी उभी. मला वाटलं, बाईचा जीव अजून गुरांच्या वैरणीत अडकलाय. म्हटलं, "पावसापर्यंत पुरंल गं, तू नको काळजी करू." तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले... दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. त्याला आता सात आठवडे झाले. मी पोशीरचा शाळामास्तर. प्रश्न नीट वाचत नाहीत म्हणून वीस वर्षं पोरांना छड्या मारल्या, आणि बायकोचा एवढासा प्रश्न मला कळला नाही.

लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या हातात सुई. गावातल्या निम्म्या चोळ्या तिच्या हातच्या. पण तासभर शिवलं की तिचा डावा डोळा हळूच बाहेर सरकायचा, एका सुईच्या दोन दिसायच्या, कपाळ ठणकायचं, मग सुंठ उगाळून लेप लावायची. तिचं माहेर माथेरानच्या डोंगरापलीकडे, खालापुरात. आमची आई म्हणायची, "हिचा एक डोला कामात नि एक म्हायेरात!" बाया हसायच्या. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू?

पुढे एकदा कळलं, मुंबईचे कुणी डोळ्यांचे डॉक्टर नेरळला माथेरानच्या गाडीची वाट बघत बसलेत. हिला घेऊन तसाच धावलो. देवमाणूस! त्यांनी तिला आपल्या बोटाकडे बघायला सांगितलं, डाव्या डोळ्यावर पोस्टकार्ड धरलं, नि झटकन काढलं. कार्डाआड डोळा बाहेर वळलेला, कार्ड काढताच परत जागेवर. "मास्तर, डोळा अधू नाही," ते म्हणाले. "डोळ्याचे स्नायू विसाव्यातही अगदी सैल पडत नाहीत, थोडा ताण राहतोच. यांच्या डोळ्यांची विसाव्यातली ओढ बाहेर आहे. दोन्ही डोळे सुईवर आणायचे तर सारखे आत ओढून धरावे लागतात. दमणारच की!" मी नुसता मान हलवत होतो. ही मात्र पटकन म्हणाली, "म्हंजी एक बैल भाईर वढनारा हाय. मधीमधी जू सोडाया पायजे." डॉक्टर खूश! "अगदी बरोबर, बाई. थोड्या थोड्या वेळाने मान वर करा नि लांब बघा. जितकं लांब, तितकं बरं."

तेव्हापासून ती पडवीच्या खांबाला टेकून शिवायला बसे. दोरा संपला की सुई चोळीत खोवायची, डोंगराकडे बघत राहायची, मगच नवा दोरा ओवायची. कुणी हटकलंच तर म्हणायची, "जू सोडलंय जरा." कपाळावरचा सुंठेचा लेप सुटला तो बारा वर्षं.

गेल्या पौषात झोडणी झाली. पेंढा उदंड. गुरांना घालायला सोपं म्हणून मी पडवीसमोरच गंजी रचायला घेतली. ती दारात आली. "जरा बाजूला रचली तर?" उन्हाने माझं डोकं तापलेलं. गड्यांदेखत बोललो, "का गं, डोंगर काय पळून जातोय?" गडी फिदीफिदी हसले. ती आत गेली, आणि पुन्हा त्यावर एक शब्द बोलली नाही. मग तीन महिने ती मान वर करायची, तर दहा पावलांवर पेंढा. घरात सुंठेचा वास परत आला. मला तो रोज येत होता! वर मीच ओरडायचो, "ठेव ती सुई, डोकं दुखतंय तर!" तिला तापाने नेलं, गंजीने नाही, हे मला कळतं. पण त्या दिवशी तिला...

परवा संध्याकाळी वैरण काढताना पाहिलं, गंजी छातीइतकी उतरलेली, आणि तिच्यावरून डोंगर दिसत होता. उगाच तिच्या जागी जाऊन खांबाला टेकून बसलो. टोपलीत अर्धी चोळी, तिच्यात खोवलेली सुई, दोरा संपलेला. मान वर केली. बसल्यावर डोंगर दिसेना, नुसता पेंढा. तेव्हा कुठे तिचा प्रश्न मला कळला, आणि मी लहान पोरासारखा रडलो.

काल सकाळी उठलो नि सगळी गंजी गोठ्यामागे नेऊन टाकली. गडीसुद्धा बोलावला नाही. एकट्याने केलं, तरी दुपारच्या आत पडवीसमोरची जागा मोकळी झाली.