रिकाम्या यादीचे दोन अर्थ

ऑफिसात तिला सगळे शंकाताई म्हणत. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण तिला ते खटकत नसे. आधी ती शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची. ते प्रकाशन बंद पडल्यावर पन्नाशीला टेकलेली असताना ती या सॉफ्टवेअर कंपनीत आली. घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या संस्थांसाठी कंपनी प्रोग्राम बनवत असे, आणि ते कसे वापरायचे याची माहिती ती लिही. पूर्वी ती माहिती माणसांसाठी असायची, म्हणजे कोणी वाचायचं नाही. आता वाचणारे होते एआय एजंट. रुग्णांचे फोन घ्यायचे, कोणती नर्स कधी मोकळी आहे ते बघायचं आणि भेट ठरवायची, हे सगळं हे प्रोग्रामच करत.

"हे तरी तुझं शेवटपर्यंत वाचतात," नवरा म्हणायचा. "मी लग्नाआधीची तुझी पत्रंसुद्धा अर्धीच वाचली."

त्या वर्षी तिच्याकडे कॅलेंडर बघायचं टूल आलं. एजंटनं नर्सचं नाव आणि तारीख दिली की टूल तिच्या त्या दिवसाच्या कामांची यादी देई. उत्तराचा अर्थ कसा लावायचा ते तिनं लिहायचं आणि एजंटनं त्याबरहुकूम चालायचं. तिनं सवयीप्रमाणे टूल स्वतः चालवून पाहिलं. एका नर्सची यादी रिकामी आली, कारण तिला त्या दिवशी काम नव्हतं. दुसरीचीही रिकामीच आली. पण ती बाळंतपणाच्या रजेवर होती आणि तिचं कॅलेंडर बंद होतं. टूलच्या लेखी दोघी सारख्याच.

तिनं टूल बनवणाऱ्या इंजिनियरला गाठलं. तो म्हणाला, "ताई, रजेवरच्यांची नावं संस्था काढून टाकते. तुम्ही उगाच कशाला घोळ घालताय?"

तरी तिनं एक परिच्छेद लिहिलाच: रिकाम्या यादीचे दोन अर्थ होतात, खात्री केल्याशिवाय भेट ठरवू नये. मग साहेबांनी तिला बोलावलं.

"हे निम्मं करा. एजंट प्रत्येक फोनला हे सगळं वाचत बसतो, आणि तिकडे पेशंट ताटकळतो."

त्या आठवड्यात ती साहेबांशी आधीच दोनदा भांडली होती. पुन्हा वाईटपणा घ्यायचा तिला कंटाळा आला. तिनं परिच्छेद उडवला आणि एक ओळ ठेवली: यादी रिकामी आल्यास नर्स मोकळी आहे असे समजावे. साहेब म्हणाले, "बघा, किती सुटसुटीत झालं."

काही महिन्यांनी साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवलं आणि फोनची रेकॉर्डिंग्ज लावली. बोलणारा होता एक निवृत्त बसचालक. बायको गेलेली, घरात एकटाच. मधुमेहानं पायाला जखम झालेली, तिला रोज ड्रेसिंग लागायचं.

"सिस्टर आज आल्याच नाहीत हो."

"क्षमस्व. सिस्टर उद्या मोकळ्या आहेत. उद्याची भेट ठरवली आहे," एजंटचा गोड आवाज.

"बरं बरं. दार नुसतं लोटून ठेवतो. मला उठायला वेळ लागतो."

दुसऱ्या फोनवर तेच. तिसऱ्यावर त्याला ताप चढलेला कळत होता, शब्द घसरत होते. एजंटनं पुन्हा उद्याची भेट ठरवली. ती सिस्टर रजेवर होती आणि तिचं नाव काढायचं संस्थेत राहून गेलं होतं. शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा जखमेचं विष अंगभर भिनलं होतं. पाय कापूनही तो वाचला नाही.

इंजिनियरनं त्याच दिवशी टूल दुरुस्त केलं. काम तासाभराचंही नव्हतं. अहवालात 'समन्वयातील त्रुटी' एवढंच आलं.

ती साहेबांकडे गेली. "ती ओळ माझी आहे."

"तुम्हाला कोणी विचारलंय का?" साहेब दार लावत म्हणाले. "मग गप्प बसा."

तिला गप्प बसवेना. पत्ता शोधून ती त्या बसचालकाच्या मुलीकडे गेली. मुलगी शिवणकाम करायची. मशीनवर पडदे पडले होते, स्टुलावरचे कपडे उचलून तिनं बसायला जागा केली.

"कंपनीनं पाठवलं?"

"नाही. माझी मी आले." आणि तिनं सगळं सांगितलं, उडवलेल्या परिच्छेदासकट.

मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"बाबा मला फोनवर सांगायचे, कोणी येत नाही गं. मी म्हणायचे, येतील बाबा, मशीन कशाला खोटं बोलेल? मीच त्यांना गप्प केलं." ती उठून उभी राहिली. "तुम्हाला हलकं वाटावं म्हणून आलात ना? मला हे कळायला नको होतं. आता तुमचाही चेहरा लक्षात राहणार. जा तुम्ही."

घरी नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाली?"

"खरं तेच म्हणाली."

त्यानं ताट वाढलं. तिनं ते झाकून ठेवलं.

त्यानंतर तिनं एकही ओळ कापू दिली नाही. प्रत्येक शब्दावर वाद होऊ लागले. चेष्टा थांबली, लोक तिला टाळू लागले. वर्षभरानं ही माहितीसुद्धा एजंटच लिहू लागले आणि तिची जागा रद्द झाली. आता ती नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात बसते. गिऱ्हाइकांशी कामापुरतं बोलते. त्या मुलीकडे ती पुन्हा कधी गेली नाही.