आधी प्रभुदासचा हात

न मागता कोणी मला काही दिलं, की मी आधी ते उलटून पाहतो. लग्नात आहेर आला तरी देणाऱ्याच्या मनात काय आहे ते शोधत बसतो. माझी बायको यशोदा म्हणते, "तुमी तं देवालेबी आधार कार्ड मागसान." असा मी बाबाराव, हिंगणीचा, चार एकर ओलिताचा धनी. तेव्हा प्रभुदास लाइनमनने मला न मागता माफी दिली त्या दिवसापासून माझं काय झालं असेल, याचा अंदाज करा.

प्रभुदास मूळचा वर्ध्याचा. त्याचा बाप मिशनच्या दवाखान्यात माळी होता. तीस वर्षं हा माणूस विजेच्या खांबांवर चढला, डाव्या हाताची करंगळी त्यात गमावली, आणि नोकरी संपल्यावर हिंगणीतच राहिला. गावात ख्रिस्ती घर ते एकच. रविवारी सकाळच्या बसने तो वर्ध्याच्या चर्चमध्ये जायचा आणि दुपारी परत यायचा. कोणाच्या घरी लाइट गेली तर पक्कड घेऊन हजर, आणि वर चहा घ्यायलाही लाजायचा. इतका सरळ माणूस मला पहिल्यापासूनच खटकत होता. त्याची बायको लवकर वारली. मागे एकच मुलगा, जोएल. तो सावंगीच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर होता.

जोएल माझ्या शेतात मेला. बोरच्या जंगलातून रानडुकरं उतरतात आणि एका फेऱ्यात हरभऱ्याचा सत्यानाश करतात. त्यावर काही लोक चोरून जो उपाय करतात तोच मी केला. कुंपणाला उघडी तार बांधली, आणि संध्याकाळी वरच्या लाइनवर लोखंडी आकडा टाकून तिच्यात करंट सोडला. त्या दिवशी प्रभुदासची शेळी हरवली होती. तिला शोधत जोएल दिवेलागणीला माझ्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर आला. सकाळी तो मला दिसला. मी आधी त्याच्याजवळ गेलो नाही, आधी आकडा काढला. हे लिहिताना अजूनही माझा हात थांबतो.

आकडा मी घरी नेऊन ज्वारीच्या कोठीत तळाशी पुरला, आणि लोकांसमोर सांगितलं, "पोट्टा डुकराले फासा लावाले आलता. तारबी त्याचीच." हे लोक डुक्कर खातात, असंही वरून जोडलं. गावाने मान डोलावली. प्रभुदासने पोलिसांना लाइनवरचा ओरखडा दाखवला, पण आकडाच नाही तर तो कोणाचा हे कोण सांगणार? कागद मिटले. एक जोएल मात्र कायमचा चोर ठरला.

महिन्याभराने प्रभुदास माझ्या अंगणात आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "बाबारावजी, आकडा तुमचा होता हे मले मालूम हाय. मी तुमाले माफ केलं." आणि निघून गेला.

शिव्या दिल्या असत्या, कॉलर धरली असती, तर समजलं असतं. ही माफी कसली? खिशात मोबाइल चालू ठेवून आला असेल, मी काही बोललो की पकडणार. किंवा मला त्यांच्या धर्मात ओढायचं असेल. वावर हवं असेल. वर्षभर मी हेच दळण दळत होतो. तो रस्त्यात दिसला की मी गल्ली बदलायचो, आणि तो लांबूनच "नमस्कार बाबारावजी" म्हणायचा. तेही मला बरं वाटत नसे.

पुढच्या दिवाळीनंतर यशोदाला विहिरीवरच्या मोटरच्या पेटीचा झटका बसला. वाचली, पण हात दोन दिवस बधिर होता. मला न विचारता तिने प्रभुदासला बोलावलं. मी शेतात पोचलो तेव्हा तो पेटीजवळ खड्डा खणत होता, आणि बाजूला जाड मीठ आणि कोळसा ठेवला होता. माझं डोकंच फिरलं.

"करणी करून राह्यले काय माह्या वावरात?" मी ओरडलो.

"अर्थिंग हाय जी. करंट पेटीत उतरला तं जमिनीत जाते, माणसात नाई जात. मीठ-कोळशानं जमीन ओली राह्यते."

यशोदा तोंडाला पदर लावून हसली. मी हसलो नाही. ज्याचा मुलगा माझ्या करंटने मेला, तो माझ्या पेटीत हात घालतो आहे, आणि उद्या बटण मी दाबणार आहे. सूड घ्यायला याहून सोपी जागा कोणती?

"आधी तुमी दाबा," मी म्हणालो. "चपला काढून."

अनवाणी पायांनी पेटीला हात लावणं म्हणजे जीव पणाला लावणं, हे लाइनमनइतकंच मलाही पक्कं माहीत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. चपला काढल्या, ओल्या मातीत उभा राहिला, पेटीला आधी हाताची उलटी बाजू लावली आणि मग बटण दाबलं. मोटर सुरू झाली. "तळहात कधी लावू नका," तो म्हणाला. "मूठ आवळते, मंग सुटत नाई." जोएलची मूठ तारेवर आवळलेलीच होती.

मला तेवढ्यानेही भरवसा आला नाही. उंदीर वायर कुरतडतात, हा कधीही येऊन काही करेल. म्हणून मी रोज त्यालाच बोलवायला लागलो. सकाळी शेतीची लाइट आली की प्रभुदास यायचा, चपला काढायचा, आधी हात लावायचा, मग बटण दाबायचा. हरभरा, गहू, सगळं ओलीत असंच झालं. एकदा मी विचारलंच.

"काऊन येता? काय पायजे तुमाले?"

"काई नाई."

"पुण्य भेटते काय तुमच्या देवाकडून?"

"मले जे भेटाचं ते फुकटात भेटलं जी. माह्यासाठी दुसऱ्यानं क्रुसावर जीव देल्ला. आता मी काय कमावणार?" मग पेटीचं झाकण लावत म्हणाला, "तुमची माफी मी कवाचीच देऊन ठेवली. तुमीच घ्याले येत नाई."

मी म्हणालो, लाइट जाईल, मोटरकडे पाहा.

फेब्रुवारीत एका सकाळी तो आला नाही. गहू ओंबीवर, पाणी त्याच दिवशी द्यायला हवं होतं. पेटीसमोर मी एकटा उभा राहिलो. बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. तीनदा. आजच का नाही आला? रात्रीतून काही करून ठेवलं असेल? आणि तेवढ्यात माझं मलाच कळलं. तीन महिने मी ज्याच्यावर संशय घेत होतो, त्याचा हात आधी लागल्याशिवाय मला बटणाला बोट लावता येत नव्हतं. अख्ख्या जगात मी भरवसा ठेवला होता तो त्या एकाच माणसावर. मला स्वतःची शरम वाटली, आणि राग आला, त्याचाही आणि माझाही.

तरी खोड जात नाही. खरंच आजारी आहे का ते पाहायला त्याच्या घरी गेलो. दारात तीच शेळी बांधलेली होती. ती आपणहून परत आली होती. आत प्रभुदास तापाने फणफणत पडला होता. मला पाहताच तो उठून बसला आणि भिंतीला धरून उभा राहिला.

"लाइट आली काय जी? हात नका लावू, मी येतो." आणि सदरा शोधायला लागला.

मी त्याला धरून खाली बसवलं. घरी येऊन मी कोठीतली ज्वारी जमिनीवर ओतली. यशोदा विचारत राहिली. गंजलेला आकडा पिशवीत घालून परत गेलो आणि त्याच्या खाटेवर ठेवला.

"हा माहा," मी म्हणालो. "जोएल चोर नव्हता. मी खोटं बोललो."

त्याने आकडा दोन्ही हातांत घेतला आणि छातीशी धरून लहान पोरासारखा रडला. सव्वा वर्षात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडलो. मग मी विचारलं, "हे ठाण्यात नेलं तं मले जेल होईन. मंग तुमच्या माफीचा उपयोग काय?"

"जेल सरकारचं, बाबारावजी. माफी माही. थे तुमाले तिथंबी पुरन."

चार दिवसांनी त्याचा ताप उतरल्यावर आम्ही दोघं एकाच बसने ठाण्याला गेलो. पिशवी माझ्या मांडीवर होती. पायऱ्यांपाशी मी थांबलो. प्रभुदासने ते पाहिलं, आणि सवयीप्रमाणे पुढे होऊन त्याने दाराला हात घातला.

"थांबा," मी म्हणालो. "आज आधी माहा हात."