हातात मावेल एवढा कॅमेरा

खऱ्या सिनेमाचा कॅमेरा खांद्यावरच असतो, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. महिनाअखेरीलाही थोडा उरेल असा पगार आमच्या घरात पहिल्यांदाच येत होता. माझ्याबरोबरच्या मुली त्यातून सोनं घेत होत्या, फ्लॅट बुक करत होत्या. मला शॉर्टफिल्म करायची होती.

गोष्ट तयार होती. पन्नाशी उलटलेली एक बाई स्कूटर शिकायला निघते, धडपडते, घाबरते आणि शेवटी स्कूटर विकून टाकते. शेवट दुःखी असला की फिल्म दर्जेदार होते, असंही मला वाटायचं. बाईचं काम माझी आत्या करणार होती. सरकारी कचेरीतून ती नुकतीच निवृत्त झाली होती आणि आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर एकटी राहायची. तिला सायकलसुद्धा येत नव्हती, म्हणजे भूमिकेला अगदी योग्य.

"पडायचं खोटं खोटं ना?" तिनं विचारलं.

"खोटंच गं."

"मग ठीक आहे. खरं पडायचं असेल तर मेडिक्लेम तुझ्या कंपनीचा लागेल."

राहिला होता फक्त कॅमेरा. आमच्या भागात लग्नाचं शूटिंग करणारे एक गृहस्थ होते. ते नवी यंत्रणा घेत होते आणि त्यांनी खांद्यावरचा जुना कॅमेरा विकायला काढला होता. "रविवारभर न्या, वापरून बघा," म्हणाले. मी तो रिक्षातून घरी आणला, तेव्हा सोसायटीतली माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली. मला फार बरं वाटलं. कॅमेरा केवढा, त्यावरून दिग्दर्शक केवढी ते ठरतं, असं काहीतरी डोक्यात होतं.

आत्याच्या बाहेरच्या खोलीत मी तो स्टँडवर चढवला, दिवा लावला. आत्या इस्त्रीची साडी नेसून, पावडर लावून आली आणि बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली ताठ बसली. मी तिला कचेरीतल्या पहिल्या दिवसाची हकीगत सांगायला लावली. ती हकीगत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. चुकून साहेबांच्याच खुर्चीत बसून तिनं साहेबांना अर्ज आणायला पिटाळलं होतं, आणि हे सांगताना ती स्वतःच इतकी हसायची की शेवट कधी नीट ऐकूच यायचा नाही. त्या दिवशी मात्र तिनं ती खातेनिहाय चौकशीत जबाब नोंदवल्यासारखी सांगितली. एकदाही हसली नाही.

"आत्या, नेहमीसारखं बोल ना."

"नेहमी माझ्यासमोर तोफ नसते," ती म्हणाली.

कॅमेरा संध्याकाळी परत केला. आठवडाभर मी खट्टू होते. मग टीममधला एकजण कामासाठी अमेरिकेला निघाला आणि तिथून स्वस्तात कॅमेरा आणून द्यायला तयार झाला. मी जवळजवळ हो म्हणाले होते. पण चौकशी केल्यावर कळलं, की तिकडचे कॅमेरे वेगळ्या पद्धतीनं चित्र टिपतात, इकडच्या उपकरणांशी ते धड जुळत नाही आणि बिघडला तर इथं कोणी हात लावत नाही. तोही बेत बारगळला. शेवटी आत्याच म्हणाली, "समोर मी बसणार आहे ना? मग मला घेऊन चल दुकानात."

आम्ही बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत गेलो. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "बघायचाय की घ्यायचाय?"

"दाखवलात तर घेऊ," आत्या म्हणाली.

त्यानं एक चकचकीत, चिमुकला कॅमेरा काढला. "याचा झूम बघा. चंद्रावरचे खड्डे दिसतील."

"मी हडपसरला राहते," आत्या म्हणाली.

दुकानातल्या टीव्हीला तो जोडून आम्ही आत्याचं थोडं बोलणं टिपून पाहिलं. चित्र सुरेख होतं, पण आवाजात पंखा आणि गल्लीतले हॉर्नच जास्त होते. आत्या मागं कुठंतरी पुटपुटत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपल्या फिल्ममध्ये बघण्याइतकंच ऐकण्यासारखं आहे. वेगळा माइक जोडायची सोय आहे का, असं मी विचारलं. त्यात नव्हती. दुकानदार कुरकुरत आत गेला आणि वापरलेला एक कॅमेरा घेऊन आला. आकार जेवणाच्या डब्याएवढा, कडेला ओरखडे, झूम बेताचाच. पण माइकसाठी वेगळं भोक होतं, हेडफोनला वेगळं, आणि फोकस हातानं फिरवायची कडीही होती. मी आत्याच्या पदराला छोटा कॉलर माइक लावला.

"याची गॅरंटी?" आत्यानं विचारलं.

"वापरलेल्याला गॅरंटी नसते, बाई."

मग आत्या सुरू झाली. तीही वापरलेलीच आहे, सरकारनं अनेक वर्षं वापरली आहे, तरी अजून चालते की नाही, इथपासून तिनं जी बाजू मांडली ती ऐकताना मी कॅमेरा नुसता छातीपाशी धरून ठेवला होता. चालू आहे हे ती विसरली होती. ते दुकानदाराच्या टीव्हीवर लावलं आणि समोर माझी खरी आत्या होती. भुवया, हातवारे, मधेच येणारं हसू, एकेक शब्द स्वच्छ. दुकानदारही बघत राहिला.

"या नेहमी अशाच बोलतात?"

"आज जरा कमी बोलल्या," मी म्हणाले.

त्यानं तीन महिन्यांची गॅरंटी स्वतःच्या हातानं पावतीवर लिहून दिली. माझ्या शिलकीत तो कॅमेरा बसला. ऑफिसात दाखवला तर म्हणाले, हा सहलीला न्यायचा कॅमेरा आहे. मला काही वाटलं नाही. काय विकत घेतलंय ते मला माहीत होतं.

शूटिंगला आम्ही रविवारी सकाळी मांजरीला जायचो. तिथं उसाच्या शेतांमधून एका नव्या वसाहतीचा रस्ता झाला होता. इमारती अजून उभ्या राहायच्या होत्या, त्यामुळे रस्ता गुळगुळीत आणि रिकामा. गाडी माझीच, बिनगिअरची. मी मागं बसायचे, आत्याच्या पदराला माइक, त्याची वायर माझ्या मांडीवरच्या कॅमेऱ्यात. तिचा चेहरा कसा घ्यायचा हे कळेना. मग तो गाडीच्या आरशात दिसला. हात थोडा पुढं काढला की आरशात आत्याचे डोळे आणि मागं पळणारा ऊस. तोफ घेऊन हे कधी जमलं नसतं.

बैलगाडीवाले एक आजोबा थांबून बघायचे. "बाई, ब्रेक कुटं हाय त्ये म्हायती हाय न्हवं?"

"माहिती आहे," आत्या म्हणायची. "पण अजून त्याची गरज पडेल एवढा वेग आलेला नाही."

तिनं खोटं पडायचं होतं, ती दोनदा खरंच पडली आणि दोन्ही वेळा आधी माइक शाबूत आहे का ते पाहिलं. मग एका रविवारी मी बाजूनं शॉट घ्यायला खाली उतरले. तिनं फक्त गाडी सुरू करून चार पावलांवर थांबायचं होतं. ती थांबली नाही. सरळ गेली, दूर वळणाशी लहान झाली, उसाआड दिसेनाशी झाली. माझा हात आपोआप फोकसची कडी फिरवत राहिला. मग ती वळून आली. पदर उडतोय, पाठ ताठ, चेहऱ्यावर असं हसू की लिहून देऊन कोणाकडून आणता येणार नाही. माझ्या शेजारून ती तशीच पुढं निघून गेली.

परत आल्यावर गाडी स्टँडला लावत म्हणाली, "आता ही विकायची म्हणतेस?"

दुःखी शेवट त्याच जागी रद्द झाला.

कर्वेनगरच्या एका कॉलेजात शॉर्टफिल्मची स्पर्धा होती. इतरांनी मोठाले कॅमेरे भाड्यानं आणले होते, आणि आमची फिल्म शेवटून दुसरी दाखवली गेली. आरशातले डोळे पडद्यावर भिंतीएवढे दिसले तेव्हा पहिला हशा आला, आणि आत्याचा प्रत्येक शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचतोय हे मी त्या हशांवरून मोजत राहिले. ती उसाआड गेली तेव्हा सभागृह शांत झालं. ती वळून आली तेव्हा मुलांनी शिट्ट्या मारल्या, बाकं वाजवली. पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. परीक्षकांनी स्टेजवर विचारलं, आरशातला शॉट कुठल्या कॅमेऱ्यावर घेतलात. मी पर्समधून तो काढून दाखवला, आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

मग त्यांनी माइक आत्याच्या हातात दिला. अभिनय कुठं शिकलात, असं विचारलं.

"अभिनय मला येत नाही," आत्या म्हणाली. "गाडी येते. कोणाला हडपसरला सोडायचं असेल तर सांगा."

सभागृहात भराभर हात वर झाले.