बाबांच्या डाव्या बाजूला

भूतखेत, मुंजा, हाकामारी... असल्या गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे तर जास्तच. तरी हे लिहितेय, कारण त्या वॉर्डमध्ये मी स्वतः हजर होते.

साल १९५५. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशची राजधानी. आम्ही कोष्टी, म्हणजे विणकर; घर गोळीबार चौकाजवळ. बाबांना मागावर बसल्याबसल्याच लकवा मारला. डावा हात, डावा पाय गेला. सरकारी दवाखान्यात जीव वाचला आणि मग डॉक्टर त्यांना रोज धरून उभं करू लागले. ताकीद एकच — एकट्याने उठायचं नाही. पडून मांडीचं हाड मोडलं, तर पुन्हा मागावर बसणं विसरा.

पण आपला डावा पाय गेलाय, हेच बाबांच्या लक्षात राहायचं नाही! डोळा चुकवून उठायला बघायचे. आईने त्यावर आमच्या कामातलाच इलाज काढला. ती त्यांच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसायची आणि त्यांच्या धोतराच्या दशा, म्हणजे टोकाचे मोकळे धागे, आपल्या लुगड्याच्या लाल पदराच्या दशांना बांधून टाकायची. तुटलेला धागा जोडायची आमची बारीक, चपटी गाठ. बाबा जरा हलले की धागा ताणायचा आणि डुलकी लागलेली आई जागी व्हायची.

"दुसऱ्यांदा लगीन लावून राहिली काय वं?" बाबा चिडवायचे.

"पयल्या लगनातून कुठी पळाले होते? बसा गुपचूप," आई म्हणायची.

एका दुपारी आंघोळीला म्हणून घरी गेलेली आई परत आलीच नाही. ओसरीवर टेकली आणि गेली. त्याच लाल पदराच्या लुगड्यात तिला चितेवर ठेवलं. बाबांना इतक्यात सांगू नका, सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले ती खोटं उत्तर घोकतच. बाबांनी आई कुठे आहे, हे विचारलंच नाही.

सिस्टर मात्र घाबरलेली. "तुम्हारे बाबूजी अकेले चल रहे थे!"

मग मीही पाहिलं. बाबा उठले, डावा हात लोंबकळत नव्हता — कुणाच्या तरी खांद्यावर टाकावा तसा उचललेला, बरोबर आईच्या उंचीला. व्हरांड्यापर्यंत गेले, परत आले. पडले नाहीत. रोज हेच. मनाच्या जोरावर माणूस चालतो म्हणा... तेही मी मानलं असतं. पण संध्याकाळी धोतर बदलताना डाव्या बाजूच्या दशेला एक लाल धागा सापडायचा, त्याच गाठीने जोडलेला. ती गाठ मारायला दोन हात लागतात.

दहावा दिवस जवळ आला. नवऱ्याला न कळवता बायकोचं दहावं कसं करायचं, म्हणून धाकटे काका अडून बसले. शेवटी त्यांनीच बाबांना सांगितलं.

बाबा शांत होते. "मले माईत होतं गा. तिनंच सांगतलं. म्हणे, घरचे सांगत नाही तोवर मी बसते तुमच्यापाशी." मग रिकाम्या स्टुलाकडे पाहून अर्ध्या चेहऱ्याने रडायला लागले. "काहून सांगतलं तुमी? आता तिले जावं लागन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माठातून पाणी घेत होते. बाबा उठले, डाव्या बाजूला हात टाकायला झुकले आणि धाडकन पडले. हाड मोडलं. त्यानंतर बाबा कधी उभे राहिले नाहीत.

डॉक्टरांनी तो डावा पाय पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. "या पायात ताकद आलेलीच नाही. मग इतके दिवस हे चालले कसे?"

ते मलाच विचारत होते! आजही मला ते सांगता येत नाही. काकांचंही चुकलं, असं म्हणवत नाही. फक्त वाटत राहतं... आणखी थोडे दिवस त्या दोघांना चालू द्यायला हवं होतं.