ग्रेसचं पातेलं

मंडळी, आई जाऊन आज पाच दिवस झाले. पासपोर्ट व्हिसा एक्स्टेन्शनला दिलेला आहे, त्यामुळे पुण्याला जाता आलं नाही. इथे इंग्लंडात, रीडिंग गावात, फ्लॅटवर एकटाच सुतक पाळतोय. म्हणजे चहा-बिस्किटं खातोय.

दुपारी शेजारची ग्रेस आली. ती झिम्बाब्वेची, हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. माझी गाडी पाच दिवस हलली नाही म्हणून तिने बेल वाजवली. मी सांगितलं. तिने माझी खालची पापणी ओढून बघितली आणि निघून गेली.

तासाभरात पातेलं घेऊन परत आली. त्यात तिच्या अलॉटमेंटवरची, म्हणजे भाड्याने घेतलेल्या भाजीच्या वाफ्यातली, माठाची भाजी होती, पीनट बटर घालून शिजवलेली.

"आमच्या गावात मटण सणालाच. रोज हाच पाला. आयर्न यातूनच मिळायचं," ती म्हणाली. "खा. तुझ्या अंगात रक्त नाही."

आईही माठात दाण्याचं कूट घालायची. दर रविवारी फोनवर विचारायची, "पालेभाजी खातोस ना रे?" तीन वर्षं मी हो म्हणत आलो. शिजवली एकदाही नाही.

आज उभ्याउभ्याच सगळी संपवली. रडू आलं नाही. चवही फारशी कळली नाही.

पातेलं घासून ओट्यावर ठेवलंय. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, असं आई म्हणायची. सुतकातलं अन्न कोणाला देत नाहीत, असंही तीच म्हणायची.

एरवी तिलाच फोन केला असता. तुम्ही सांगा, त्यात काय घालून देऊ?