तुरटीचा फुगा

कॉलेजच्या पहिल्या दिवाळीला अमरावतीहून अकोल्याला घरी आलो तो डोक्यात विमान घेऊनच. रसायनाच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं की विमानात इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये अ‍ॅस्बेस्टॉसची भिंत असते; ती नसली आणि आग मागे आली, की खेळ खलास. झालं, मला चैन पडेना. अ‍ॅस्बेस्टॉस मी कुठून आणणार? पण तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद सहजी पेटत नाही, हे प्रयोगशाळेत पाहिलं होतं. तसल्या कागदाचा पुरुषभर उंच फुगा करायचा, खाली रॉकेलात बुडवलेला चिंध्यांचा बोळा पेटवायचा आणि न जळता उडवून दाखवायचा, असं ठरवून टाकलं.

दाखवायचा बाबांना. ते कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मिस्त्री होते. मीही तिथेच चिकटावं असं सगळ्या घराचं म्हणणं, बाबांनी एकट्यानं हट्ट धरून मला कॉलेजात घातलं. ते चुकले नाहीत हे मला याच सुट्टीत, जमलं तर त्याच आठवड्यात सिद्ध करायचं होतं. थांबणं माझ्या स्वभावातच नव्हतं.

शेजारी पतंग आणि मोहरमचे ताजिये करणारे एक चाचा राहत. त्यांनी कामट्यांचं कडं वळून दिलं, लेई लावून कागद चिकटवायला शिकवलं. बोळ्याची तारेची चौकट मी त्या कड्याला सुतानं बांधत होतो, ते बघून म्हणाले, "कागज तो पक्का किया बेटा, धागे का क्या?"

"धाग्याले काय होते, चाचा? जाळ तं वर जाते," मी त्यांचं बोलणं तोडून टाकलं. आमच्याकडे सूत घरोघरी लोळत असतं, त्याचा कोण विचार करतो?

दिवेलागणीला, बाबांना जिनाच्या आवारातून दिसेल असा, मोर्णा नदीच्या काठावरून फुगा सोडला. दुपारभर वारा जिनाच्या उलट्या दिशेला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. फुगा झाडांच्या वर गेला आणि वारा फिरला, नेमका जिनाकडे. तिथे नव्या हंगामाचा कापूस उघड्यावर ढिगानं पडलेला. मी धावत सुटलो. वर बघत एकच घोकत होतो, कागद पेटू नये.

कागद पेटलाच नाही. सूत जळलं, चौकट सुटली आणि पेटता बोळा जिनाच्या भिंतीआड पडला.

मी पोचलो तेव्हा आरडाओरडा थांबला होता. बोळा ढिगाच्या अगदी कडेला पडला होता. पाणी लांब होतं, बाबा जवळ होते. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून मोकळ्या जागेत फेकला होता. गडी त्यांच्या तळहातांवर पाणी ओतत होते.

"फुगा माझा होता," मी म्हणालो. मला शरमेनं मान वर करवत नव्हती.

पत्र्यावर येऊन पडलेल्या फुग्याकडे बाबांनी पाहिलं. "कागद नाई ना जळला तुहा?"

"नाही."

"मंग झालं. बाकीचं शिकशीन."

सुट्टी संपेपर्यंत त्यांना मीच भरवत होतो. एका सकाळी आईनं तो फुगा फाडून चुलीत घातला. तो काही केल्या पेट घेईना. ती चिडून फुंकत राहिली, आणि मी बाबांच्या तोंडाशी घास धरून बसलो होतो.